तंगी

कोर्टाच्या मागल्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
गिरिजा हुक्केरी वकिलांचं ऑफिस.
जिन्यात अंधार, वर पंखा, आणि भिंतीवर
एक नकाशा, ज्यात आमचं गाव नाही.
जर्मनी आहे. मी बोट लावून बघितली.

पिशवीत सगळं आणलेलं:
लग्नाचा दाखला मराठीतला, शिनोळीचा,
त्याच्या जन्माचा कन्नडमधला, तुरमुरीचा,
रेशनकार्ड, आधार, आणि तळाला
तीन किलो रताळी,
रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

"बसा की हो," म्हणाल्या.
"पहिल्यांदाच परमुलखात जाताय?"

नाही म्हटलं.
अकरा वर्षांपूर्वी गेले होते. शिनोळीहून तुरमुरीला.
ट्रॅक्टरमधून, मांडीवर रुखवताचा डबा घेऊन.
बाचीत शिरताना पाट्यांवरची अक्षरं गोल झाली
आणि मला वाचता येईनासं झालं.
व्हिसा कुणी मागितला नाही.
सासूनं उंबऱ्यावर माप ठेवलं, तेवढंच.

त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं,
मग एकेक कागद उचलून मोठ्यानं वाचत गेल्या.
कन्नड कागद कुणी मला वाचून दाखवावा
असं आजवर झालंच नव्हतं.
मष्णू एका कागदावर मसणू,
दुसऱ्यावर म्हस्नू, पासपोर्टात भलताच.
"हे तिघंजण दिसतात. अफिडेव्हिट करून एक करू."
करा म्हटलं, मला एकच पुरे.

रेशनकार्डापाशी थांबल्या. चष्मा काढून पुसला.
"अक्का, इथं तुमच्या नावापुढं तंगी लिहिलंय."
असणारच, म्हटलं.
तंगी होती म्हणून तर तो गेला.
उद्यमबागेतली फाउंड्री बंद पडली,
दोन पगार बुडाले, वर सोसायटीचा हप्ता...
"तसं नव्हे हो. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्यात."

अकरा वर्षं.
अकरा वर्षं सरकारी तांदूळ मी
नवऱ्याची बहीण म्हणून उचलला.
त्याच कार्डावर पोरीचं नाव चढलं
आणि कुणाला काही वावगं दिसलं नाही.
त्यांना हसू आवरेना. मीही हसले, पदर तोंडाला लावून,
आणि मधेच कुठंतरी ते हसू राहिलं नाही.
त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.
खाली झेरॉक्स मशीन तेवढं चालू होतं.

मग सांगितलं: कार्ड आधी दुरुस्त,
जन्माचे कागद बंगळूरला, लग्नाचा मुंबईला,
कारण लग्न तिकडं लागलंय.
फीचा आकडा ऐकून मी रताळ्यांकडं बघितलं.
"अर्धी आत्ता. उरलेली तिथं पोचल्यावर पाठवा."
आणि नाही मिळाला व्हिसा तर?
"तर रताळी परत देणार नाही."

निघताना चिठ्ठीवर एक शब्द काढून दिला. हेंडती.
बायको.
"कारकून काय लिहितोय ते स्वतः बघायचं.
त्याच्यावर सोडायचं नाही."
चार आकार. दुसरा नुसता शून्य, अंड्यासारखा.
मोबाइलवरच्या क्लासात परवाच फ्राउ पाठ केलं होतं,
त्याच्या आधी हा राहून गेला होता.

बसमध्ये खिडकीशी बसून चिठ्ठी जुळवत गेले.
शून्य आणि ड तर दर दुकानावर, अंगडी या शब्दात.
ति हिंडलग्यात, भारती नावाच्या टेलरच्या पाटीवर.
हे मिळेना. सुळगा गेलं तरी मिळेना.
उचगाव फाट्याला ट्रान्स्फॉर्मरच्या पेटीवर,
कवटी आणि दोन हाडांच्या खाली,
हेस्कॉम.

ते बघ, हे! मी शेजारच्या बाईला कोपर मारलं.
तिनं वाकून बघितलं.
"काय झालं?" म्हणाली, "लाईट गेली काय परत?"